ठिपका आकाशात की कॅमेऱ्यात?

कॅमेऱ्यात शिरलेली धूळ फोटोत धुळीसारखी दिसत नाही. निळ्या आकाशात एक मळकट, गोल, कडा विरघळलेला डाग दिसतो, कुणीतरी मळकं बोट टेकवून उचलावं तसा. झाडी, गर्दी, दगडी भिंत असल्या भरगच्च भागात तो बेमालूम लपतो. त्यामुळे डीएसएलआर वापरणाऱ्या बहुतेकांची धुळीशी पहिली ओळख एखाद्या घाटमाथ्यावरच्या फोटोत होते. ऊन लख्ख असतं, समोर दरी असते, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट यावं म्हणून अपर्चर एफ १६ वर नेलेलं असतं, आणि घरी येऊन लॅपटॉपवर बघितलं की आकाशाला कांजिण्या आलेल्या असतात.

यात अपर्चरचा मोठा हात आहे. धूळ खुद्द सेन्सरवर बसत नाही. सेन्सरच्या पुढे काचेसारखा फिल्टर असतो, त्यावर बसते. म्हणजे कण आणि सेन्सर यांच्यात थोडंसं अंतर राहतं. एफ २.८ ला लेन्समधून येणारा प्रकाश अनेक कोनांतून येतो, कणाच्या आजूबाजूने सेन्सरपर्यंत पोचतो, आणि कणाची सावली इतकी पसरते की दिसेनाशी होते. एफ १६ ला भोक बारीक होतं, प्रकाश जवळजवळ एकाच दिशेने येतो आणि सावली ठसठशीत पडते. ढगाळ दिवशी आपली सावली विरलेली आणि भर दुपारी आखीव असते, तसंच.

माझा डीएसएलआर सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने लेन्स, बॅग आणि तीन ठिपके दिले. त्या तीन ठिपक्यांमुळे मी या विषयात शिरलो आणि शिरल्यावर कळलं की हा प्रश्न फोटोग्राफीपेक्षा जुना आहे. प्रश्न असा: समोर दिसणारा ठिपका जगात आहे, की ज्यातून आपण जग बघतोय त्या यंत्रात?

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. तिथेही बग दिसला की पहिल्यांदा हेच विचारावं लागतं. चूक बाहेरून आलेल्या डेटात आहे की आपल्या कोडमध्ये? उत्तर शोधायची रीत साधी आहे. डेटा बदलून बघायचा. डेटा बदलूनही चूक जागची हलली नाही, तर ती आपलीच. कॅमेऱ्यालाही हेच लागू होतं. राजगडावरून घेतलेल्या चार फोटोंत कॅमेरा थोडा थोडा फिरत गेलाय, तरी तीन ठिपके चारही फोटोंत चौकटीच्या त्याच जागी आहेत. म्हणजे धूळ. चौथा ठिपका मात्र प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी आहे. झूम केलं तर घार निघाली.

ही चाचणी नोंदवून ठेवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक होता क्रिस्टोफ शायनर. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये गणित शिकवणारा जेझुइट पाद्री. १६११ मध्ये त्याला दुर्बिणीतून सूर्यावर काळे डाग दिसले. दुर्बीण तेव्हा अगदी नवी वस्तू होती, आणि सूर्य निष्कलंक आहे हे तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्यामुळे शंका आधी यंत्रावरच जाणार. शायनरने ती शंका नीट तपासली. दोष डोळ्याचा असेल, म्हणून दुसऱ्या माणसांना दाखवलं. दोष भिंगाचा असेल, म्हणून वेगवेगळ्या दुर्बिणी वापरल्या. भिंगावर डाग असेल तर नळी गोल फिरवल्यावर तोही फिरला पाहिजे, म्हणून नळी फिरवून बघितली. सूर्यावरचे डाग हलले नाहीत. ते यंत्रात नव्हते.

पुढची गंमत अशी की चाचणी बरोबर आली तरी निष्कर्ष चुकला. सूर्याला डाग असू शकतात हे मानायला तो तयार नव्हता. त्याने ठरवलं की हे सूर्याभोवती फिरणारे छोटे ग्रह असणार. गॅलिलिओने मग पत्रं लिहून दाखवून दिलं की डाग सूर्याच्या पृष्ठभागावर किंवा त्याला अगदी चिकटूनच आहेत. शायनरने आपली पत्रं 'अपेलीस' या टोपणनावाने छापली होती. अपेलीस हा प्राचीन ग्रीक चित्रकार. स्वतःच्या चित्रामागे लपून लोकांचे शेरे ऐकायचा, अशी त्याची गोष्ट सांगतात. आजच्या भाषेत, अनॉनिमस अकाउंट.

फोटोग्राफी आली आणि धुळीला कायमचा पत्ता मिळाला. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर चिकट द्रव ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायचा, आणि ओला असतानाच फोटो काढून डेव्हलप करायचा. चिकट, ओली काच म्हणजे धुळीसाठी पायघड्याच. एखादा कण बसला की त्याच्याभोवती शेपटी असलेला ओरखडा उमटायचा. इंग्रजीत अशा डागांना फोटोग्राफरांनी नावच दिलं 'कॉमेट्स', धूमकेतू. खरा धूमकेतू याच काचांवर टिपायला बसलेल्या खगोलशास्त्रज्ञांना हे नाव किती गोड वाटलं असेल, कोण जाणे.

पुढे कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली. फिल्मच्या काळात धूळ होतीच, पण तिचा स्वभाव वेगळा होता. प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे यायचा, त्यामुळे एका फ्रेमवर बसलेला कण त्या फ्रेमबरोबर निघून जायचा. खरा त्रास डार्करूममध्ये व्हायचा. एन्लार्जरमध्ये निगेटिव्हवर कण असला की त्याच्याखाली प्रकाश पोचायचा नाही आणि प्रिंटवर पांढरा ठिपका यायचा. डिजिटलमध्ये ठिपका काळपट, प्रिंटवर पांढरा, कारण निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. मग प्रिंट वाळल्यावर बारीक ब्रशने, राखाडी रंगाच्या नेमक्या छटेने तो ठिपका भरायचा. याला म्हणायचे स्पॉटिंग. स्टुडिओत हे काम करणारा माणूस शेजारीच निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने रिटचिंगही करायचा, म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावरचा मुरमाचा डाग, काकांच्या डोळ्यांखालची वर्तुळं. एकाच टेबलावर यंत्राचा दोष आणि माणसाचा 'दोष' दोन्ही पुसले जायचे. ही रेषा तेव्हाही पुसटच होती.

खगोलशास्त्रात मात्र ती पुसट ठेवून चालत नव्हतं. १९३० चं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा नव्या ग्रहाच्या शोधात होता. वय २४, हातात कॉलेजची पदवी नाही. आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही दिवसांच्या अंतराने मोठ्या काचांवर फोटो घ्यायचे, दोन काचा एका यंत्रात लावायच्या आणि भिंगातून आलटून पालटून बघायच्या. तारे जागच्या जागी राहतात, ग्रह मात्र टुणकन उडी मारतो. तत्त्व सोपं आहे. पण एकेका काचेवर लाखो तारे असू शकतात, आणि त्यांच्या जोडीला रसायनाचे डाग आणि धुळीचे कण. यातला जो ठिपका एकाच काचेवर आहे, तो काहीही असू शकतो.

१८ फेब्रुवारीला त्याला २३ आणि २९ जानेवारीच्या काचांवर एक अगदी फिका ठिपका उडी मारताना दिसला. तो लगेच ओरडत सुटला नाही. मुख्य दुर्बिणीबरोबरच चालणारा एक लहान कॅमेरा होता, त्याच रात्रींच्या त्याच्या काचा काढून बघितल्या. ठिपका तिथेही होता. दोन वेगळ्या काचांवर, वेगळ्या लेन्समधून, धूळ त्याच जागी बसणं जवळजवळ अशक्य. मग २१ जानेवारीची काच काढली. ती वाऱ्यामुळे बिघडलेली होती, तरी ठिपका जिथे असायला हवा तिथे सापडला. हा प्लूटो. त्याचं ग्रहपद २००६ मध्ये गेलं, पण निदान तो धूळ ठरला नाही.

या कामाचा एक धागा पुण्यात येतो, हे मला बरंच उशिरा कळलं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो तिथे, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून. प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. वीस इंची आरशाची त्यांची दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून टिपलं. त्याच जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची तुकडीही ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरली होती. जानेवारीतलं जेऊर, कोरडं माळरान, काचेच्या प्लेटा आणि हातात मोजून मिनिट-दोन मिनिटांचं ग्रहण. धुळीसाठी याहून सोयीचा मुहूर्त नसेल. अशा वेळी शेजारी दुसऱ्या देशाची, दुसऱ्या यंत्रांची तुकडी असणं याचा अर्थ आता तुमच्या लक्षात आला असेल. जे दोघांच्या काचांवर उमटलं, ते सूर्याचं.

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. सीओईपीत शिकलेल्या माझ्या एकाही मित्राला हे माहीत नव्हतं. कोडाईकनालला १९०४ पासून सूर्याचे फोटो घेतले जात आहेत. त्या काचा आता स्कॅन झाल्या आहेत आणि शंभर वर्षांचे सौरडाग कॉम्प्युटरने मोजता येतात. म्हणजे शायनरचाच पेच पुन्हा, फक्त आता तो अल्गोरिदमपुढे आहे. सूर्याच्या तबकडीवरचा काळा ठिपका सौरडाग आहे की शंभर वर्षांपूर्वी काचेवर बसलेली धूळ? एक उपाय म्हणजे दुसऱ्या दिवशीची काच बघणं. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याच्याबरोबर डाग सरकतो. धूळ सूर्याबरोबर सरकत नाही.

डिजिटल सेन्सर आले तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी याहून नेटका उपाय रुळवला. आधी एकसारख्या उजळलेल्या पडद्याचा किंवा संधिप्रकाशातल्या रिकाम्या आकाशाचा फोटो घ्यायचा. त्यात जे काही दिसेल ते यंत्राचंच असणार, कारण समोर बघण्यासारखं काही नाहीच. मग खऱ्या फोटोला या कोऱ्या फोटोने भागायचं. धुळीची सावली दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे भागाकारात निघून जाते. याला फ्लॅट फील्ड म्हणतात. मला हा प्रकार फार आवडतो. यात कुठलीही जागा अंदाजाने भरलेली नाही. यंत्राला आधी स्वतःचा दोष कबूल करायला लावायचा, आणि मग तेवढाच वजा करायचा.

सामान्य माणसाच्या हाती डीएसएलआर आला, आणि हीच डोकेदुखी त्याच्याकडे आली. लेन्स बदलली की आत हवा जाते, हवेबरोबर धूळ. सेन्सर फिल्मसारखा पुढे सरकत नाही, त्यामुळे एकदा बसलेला कण पुढच्या हजार फोटोंत येतो. २००३ मध्ये ऑलिंपसच्या ई-१ मध्ये सेन्सरपुढचा फिल्टरच थरथरू लागला. कॅमेरा सुरू केला की तो सेकंदाला हजारो वेळा कंप पावायचा, धूळ झटकली जायची आणि खालच्या चिकट पट्टीवर अडकायची. २००६ मध्ये कॅननच्या ४००डी मध्ये थरथरणं आलंच, शिवाय 'डस्ट डिलीट डेटा' नावाची सोय आली. पांढऱ्या कागदाचा फोटो काढा, कॅमेरा ठिपक्यांचा नकाशा बनवेल, तो पुढच्या फोटोंना जोडेल आणि कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर तेवढ्याच जागा दुरुस्त करेल. वेधशाळेतली युक्ती अशी घरगुती झाली.

कधीकधी धूळ बाहेरून येतच नाही. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० च्या सेन्सरवर नव्या कॅमेऱ्यातसुद्धा ठिपके जमू लागले. कंपनीने २०१३ च्या फेब्रुवारीत साफसफाईची सूचना काढली, ऑक्टोबरमध्ये नवं शटर घातलेला डी६१० आणला, २०१४ मध्ये जुन्या ग्राहकांना शटर फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. चीनच्या सरकारी टीव्हीने ग्राहक दिनाला यावर कार्यक्रम केला आणि शांघायमध्ये विक्री थांबवायचा आदेश निघाला. एका बारीक ठिपक्यासाठी एवढं सगळं.

पण बहुतेक लोक कॅमेरा साफ करत नाहीत. ते फोटो साफ करतात. फोटोशॉपमध्ये पहिल्यापासून, म्हणजे १९९० पासून, एका जागचा तुकडा उचलून दुसरीकडे छापायचं रबर स्टॅम्प हत्यार होतं. २००२ मध्ये हीलिंग ब्रश आला. तो नुसता तुकडा चिकटवत नाही, आजूबाजूच्या रंग-उजेडात तो मिसळवतो. त्यासारखंच गणित २००३ मध्ये पेरेझ, गांगने आणि ब्लेक यांनी एका प्रसिद्ध पेपरमध्ये मांडलं. मी तो पेपर दोनदा वाचला आणि एकदा स्वतः कोड लिहून बघितला. पन्नास-साठ ओळी, आणि आकाशातला ठिपका असा गायब होतो की होता हे मलाही सांगता येत नाही.

फ्लॅट फील्ड आणि हीलिंग ब्रश यांत फरक हा आहे. पहिल्याला ठाऊक असतं की ठिपका यंत्राचा आहे. दुसऱ्याला काहीच ठाऊक नसतं. तुम्ही बोट ठेवाल ते तो धूळ समजतो.

हा फरक ऑगस्ट २००६ मध्ये जगभर चव्हाट्यावर आला. इस्रायल-लेबनॉन युद्ध चालू होतं. रॉयटर्ससाठी काम करणारे फ्रीलान्स फोटोग्राफर अदनान हज यांनी बैरुतवरच्या हवाई हल्ल्यानंतरचा धुराचा फोटो पाठवला. एका अमेरिकन ब्लॉगने लगेच दाखवून दिलं की धुराचे तेच ते लोट पुन्हा पुन्हा उमटले आहेत, रबर स्टॅम्प मारल्यासारखे. धूर होता त्यापेक्षा दाट आणि काळा झाला होता. रॉयटर्सने फोटो मागे घेतला. हज यांचं म्हणणं रॉयटर्सच्या प्रवक्त्यांनी सांगितलं: फेरफार करायचा हेतू नव्हता, आपण धुळीचे ठिपके काढत होतो आणि कामाच्या जागी उजेड वाईट असल्यामुळे चुका झाल्या.

धुळीचे ठिपके! पटण्यासारखं नव्हतंच, आणि त्यांचा आणखी एक फोटो निघाला, ज्यात लढाऊ विमानातून पडणारा एक फ्लेअर तिप्पट झाला होता. रॉयटर्सने त्यांचे सगळे ९२० फोटो संग्रहातून काढून टाकले. पण मला त्या सबबीची निवड जास्त बोलकी वाटते. फोटोपत्रकाराला फोटोतून काही पुसायचं असेल, तर उजळ माथ्याने सांगता येईल असं कारण एकच होतं. रॉयटर्सच्या नियमांत क्लोन आणि हीलिंग हत्यारांना बंदी आहे, अपवाद सेन्सरवरच्या धुळीचा. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही चित्रातलं काही काढायला मनाई आहे, धूळ आणि स्कॅनवरचे ओरखडे सोडून. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने पुलित्झर विजेत्या नार्सिसो कॉन्ट्रेरास यांच्याशी संबंध तोडले, कारण सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातून त्यांनी सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला होता. कॅमेरा तिथे खरोखर पडलेला होता. धूळ नव्हती.

धूळ पुसायला परवानगी आहे, कारण ती त्या जागेची नसते. पण ती कुणाचीच नसते असंही नाही. २००८ मध्ये दिरिक, सेनजार आणि मेमन या संशोधकांनी दाखवलं की सेन्सरवरच्या ठिपक्यांच्या मांडणीवरून फोटो कोणत्या डीएसएलआरने काढला हे ओळखता येतं. पोलिसाला बोटाचे ठसे, तसे कॅमेऱ्याला धुळीचे. मालकाने साफसफाई केली नाही, तर ही मांडणी बराच काळ टिकते. म्हणजे माझ्या तीन ठिपक्यांवरून, आधीच्या मालकाने टाकलेले फोटो आणि माझे फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत हे कुणीही सिद्ध करू शकेल. ब्लोअर मारण्यापूर्वी मी थोडा विचार केला, ते यामुळे. मग मारला. दोन गेले, एक अजून आहे, फोटोत वरती उजवीकडे. सेन्सर समोरून बघितला तर तो खालती उजवीकडे असतो, कारण लेन्स चित्र उलटं पाडते. साफ करायला बसलात तर हे लक्षात ठेवा, नाहीतर भलताच कोपरा पुसत बसाल.

तुमच्यातले बहुतेक जण हे फोनवर वाचत असतील आणि फोटोही फोननेच काढत असतील. फोनची लेन्स बदलता येत नाही, त्यामुळे सेन्सरपर्यंत धूळ सहसा पोचत नाही. पुसायचं हत्यार मात्र फोनमध्येच आलं आहे. २०२१ मध्ये गूगलने पिक्सेल ६ बरोबर मॅजिक इरेझर आणला. मागे उभा असलेला अनोळखी माणूस, विजेची तार, कचऱ्याचा डबा, बोट फिरवलं की नाहीसे. स्टुडिओतल्या त्या टेबलावरची पेन्सिल आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तिला धूळ, घार आणि माणूस यांत फरक करायचं कारण नाही.

याच्या उलट टोकाला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लायकाने एम११-पी आणला. बटण दाबताच तो फोटोवर डिजिटल सही करतो. कोणत्या कॅमेऱ्याने, कधी, आणि नंतर त्या व्यवस्थेला जोडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काय बदल झाले, याची नोंद फोटोबरोबर राहते. किंमत आपल्या आवाक्यातली नाही, तो भाग सोडा. पण त्याचीही लेन्स बदलता येते, म्हणजे आत धूळ जाणारच. मग बटण दाबल्याक्षणी जे सेन्सरवर पडलं त्यावर सही होणार, आणि आकाशातला तो मळकट गोल डागही त्या सहीखालीच येणार. नंतर कुणी तो पुसला, तर पुसल्याची नोंद होईल. तो डाग धुळीचा होता की घारीचा, हे मात्र त्या नोंदीत नसेल. त्यासाठी शेजारचा फोटो लागेल.